भोचक माणसांच्या बाजूने

लंडनकडे निघालेल्या आगगाडीत मिस पिंकर्टन नावाची एक वृद्ध बाई अनोळखी तरुण सहप्रवाशाला सांगते, की आपल्या गावात एकामागून एक माणसे मरताहेत, सगळे त्यांना अपघात समजताहेत आणि ते अपघात नाहीत. हेच सांगायला ती स्कॉटलंड यार्डकडे निघाली आहे. ती तिथे पोचत नाही. एक मोटार तिला उडवून निघून जाते. बीबीसीने डिसेंबर २०२३मध्ये दोन भागांत दाखवलेल्या 'मर्डर इज ईझी'ची ही सुरुवात. अगाथा ख्रिस्तीची मूळ कादंबरी १९३९ची. तीत हा तरुण वसाहतीतली चाकरी संपवून मायदेशी परतलेला इंग्रज पोलीस अधिकारी होता. मालिकेने काळ १९५४चा घेतला आणि त्याला नोकरीसाठी नुकताच इंग्लंडात आलेला नायजेरियन तरुण केले. म्हातारीचे म्हणणे ज्याला पटते तो एकटाच माणूस त्या देशात स्वतः परका आहे. एवढ्या एका बदलाने जुन्या कथेचा अर्थ खोल झाला.

अशा मालिकांना 'कोझी मिस्ट्री' म्हणतात. खून होतो, पण बहुधा पडद्याआड. रक्त फारसे दिसत नाही, शवागारात कॅमेरा रेंगाळत नाही, छळाची दृश्ये नसतात. लहानसे गाव, एकमेकांना ओळखणारी माणसे, शोध घेणारे कुणीतरी हौशी, आणि शेवटी न चुकता उलगडा. ब्रिटनमध्ये सध्या या प्रकाराला चांगलाच बहर आला आहे. मात्र गंभीर वाचन करणाऱ्या माणसांना यातली एखादी मालिका पाहा म्हटले, की ती नाक मुरडतात. त्यांचा आक्षेप असा, की खुनासारखी गोष्ट इथे चहा पिता पिता पाहण्याजोगी होऊन जाते. माणूस गेला याचे दुःख कुणालाच नसते, सगळ्यांना कोडे तेवढे सोडवायचे असते. हा आक्षेप खोटा नाही. यातल्या कितीतरी मालिकांना तो पुरेपूर लागू पडतो. पण ज्या चांगल्या आहेत, त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते आणि तिच्यासाठी मी या प्रकाराची बाजू मनापासून घेते. ज्यांची दखल घेणे समाजाने सोडून दिले आहे, अशा माणसांच्या नजरेला या मालिका किंमत देतात. म्हातारी, विधवा, स्वयंपाकीण, घुमा, परदेशी, अशा कुणाचे तरी म्हणणे खरे निघते आणि अधिकाऱ्यांना ते ऐकून घ्यावे लागते. मनोरंजनाच्या वेषात आलेले हे न्यायाचे म्हणणे आहे, आणि ते गंभीरपणे घ्यायला हवे.

या म्हणण्याचे मूळ ख्रिस्तीपाशीच सापडते. पहिल्या महायुद्धात ती टॉर्कीच्या रुग्णालयातल्या औषधशाळेत काम करत होती. विषांची माहिती तिला तिथे मिळाली. जर्मन आक्रमणातून पळून आलेले बेल्जियन निर्वासित त्याच टॉर्कीत राहत होते. पहिल्याच कादंबरीत तिने गुप्तहेर केला तो त्यांच्यातलाच एक. पुढे १९३०च्या 'द मर्डर ॲट द व्हिकारेज'मध्ये मिस मार्पल आली : लग्न न झालेली, वय झालेली, खिडकीतून गावाकडे बघत बसणारी. एक निर्वासित आणि एक अविवाहित म्हातारी. तलवारबहाद्दर किंवा वेषांतरपटू नायक तेव्हा पोत्याने होते. आपल्याकडे पुढे बाबूराव अर्नाळकरांनी झुंझार आणि काळापहाड यांच्या साहसांवर पिढ्या वाढवल्या, त्या नायकांची ताकद त्यांच्या अंगात आणि धाडसात असे. मार्पलची ताकद एवढीच, की तिच्यासमोर बोलताना कुणी सावध राहत नाही. १९५७च्या 'फोर फिफ्टी फ्रॉम पॅडिंग्टन'मध्ये तिची मैत्रीण शेजारून धावणाऱ्या गाडीत एका बाईचा गळा दाबला जाताना डोळ्यांनी पाहते, आणि रेल्वेपासून पोलिसांपर्यंत कुणाला तिच्या सांगण्यात तथ्य वाटत नाही. मार्पलला वाटते, कारण आपली मैत्रीण असले काही कल्पनेने रचणारी नाही हे तिला ठाऊक असते.

आपल्या मराठी मालिकांमध्येही घरातल्या बाईला सगळे दिसते, सगळे ऐकू येते. पण तिच्या चौकस नजरेचा उपयोग आपण बहुतेक वेळा कारस्थानापुरता केला. तिने पाहिलेल्यावर एखादा तपास उभा करावा असे फारसे कुणाला सुचले नाही. हे मला खटकत आले आहे.

आता शिफारशीकडे वळते. रॉबर्ट थरोगुड यांच्या कादंबरीवरची 'द मार्लो मर्डर क्लब' २०२४मध्ये आली. थेम्सकाठच्या मार्लो या खऱ्या गावात ती घडते आणि तिथेच चित्रित झाली आहे. ज्युडिथ पॉट्स ही सत्तरी ओलांडलेली बाई एकटी राहते, वर्तमानपत्रांसाठी शब्दकोडी रचते आणि रात्री नदीत पोहते. पोहताना शेजारच्या घरातून तिला गोळीचा आवाज ऐकू येतो. पोलीस तिची समजूत घालून परत जातात. मग तिला कुत्री फिरवायला नेणारी सूझी भेटते, धर्मगुरूची बायको बेक्स भेटते, आणि तिघी मिळून कामाला लागतात. सॅमन्था बाँडने ज्युडिथ मोकळेपणाने उभी केली आहे. रहस्य मध्यम प्रतीचे आहे, शेवट जरा घाईचा. पण या तिघींना गावात कुठेही शिरता येते याचे कारण नीट पाहावे. कुत्री फिरवणाऱ्या बाईला प्रत्येक घराची वेळ माहीत असते. धर्मगुरूच्या बायकोपुढे लोक मन मोकळे करतात आणि तिला स्वतःचे मत असेल असे धरून चालत नाहीत.

हेच सूत्र 'मिसेस सिधू इन्व्हेस्टिगेट्स'मध्ये (२०२३) आपल्या अधिक जवळ येते. स्लाउ या लंडनलगतच्या, दक्षिण आशियाई वस्तीच्या शहरात राहणारी ही विधवा पंजाबी बाई श्रीमंतांच्या घरच्या समारंभांना जेवण पुरवते. मीरा स्याल तिची भूमिका करतात. सुक पन्नू यांनी लिहिलेली ही व्यक्तिरेखा आधी बीबीसी रेडिओवर लोकप्रिय झाली होती. ज्या बंगल्यात तिला पाहुणी म्हणून कुणी बोलावणार नाही, त्याच्या स्वयंपाकघरात ती मागच्या दाराने जाते आणि यजमानांपेक्षा जास्त पाहून येते. काही प्रसंग उथळ आहेत, विनोद ताणलेले आहेत. तरीही ही मालिका मला आवडते, कारण ज्या बाईने परक्या देशात मुलगा वाढवला आणि धंदा उभा केला, तिच्या चौकशा करण्याच्या सवयीत बुद्धी आहे, हे ती स्पष्टपणे दाखवते.

एकच मालिका पाहायला वेळ असेल, तर मात्र मी 'लुडविग' सुचवीन. बीबीसीवर सप्टेंबर २०२४मध्ये तिचा सहा भागांचा पहिला हंगाम आला. जॉन टेलर हा 'लुडविग' या टोपणनावाने कोडी रचून छापणारा माणूस. माणसांत वावरणे त्याला जमत नाही. त्याचा जुळा भाऊ जेम्स केम्ब्रिजमध्ये मोठा पोलीस अधिकारी आहे आणि एके दिवशी तो नाहीसा होतो. जेम्सची बायको लूसी जॉनला बोलावून घेते आणि विनवते, की चेहरा तोच आहे, तर जेम्स म्हणून त्याच्या कार्यालयात जा आणि काही धागा मिळतो का बघ. जॉन जातो, आणि कुणी ओळखण्याआधीच त्याला खुनाच्या तपासाला नेले जाते. तिथे तो घाबरून उभा असतो, पण कोण कुठे होते आणि कोण कुठून कुठे जाऊ शकत होते, हे मांडू लागला की त्याची भीती ओसरते. समोर कोडे असते आणि कोडे त्याला सोडवता येते. डेव्हिड मिचेलने ही भूमिका अतिशय समजून केली आहे. या मालिकेचे मोठेपण खुनांत नाही. आयुष्यभर एका खोलीत बसलेल्या माणसाला पुतण्याशी काय बोलावे, वहिनीच्या घरी रात्री जेवताना कुठे बसावे, हे शिकावे लागते, आणि तेही भावाचे सोंग घेऊन. दुसऱ्याच्या नावाने का होईना, लोक आपल्यावर विसंबतात, हा अनुभव त्याला पहिल्यांदा येतो. ॲना मॅक्सवेल मार्टिनने केलेली लूसी त्याला कधी हसत नाही. घरातल्या वेगळ्या माणसाशी कसे वागावे याचा इतका चांगला नमुना टीव्हीवर मी क्वचित पाहिला आहे.

चॅनल ४ वरची 'पेशन्स' (२०२५) याच वाटेने जाते. यॉर्क शहरातल्या पोलिसांच्या अभिलेखागारात काम करणारी एक ऑटिस्टिक तरुणी जुन्या प्रकरणांच्या कागदांत इतरांना न दिसलेले आकृतिबंध पाहते. ही भूमिका करणारी एला मेझी पर्विस स्वतः ऑटिस्टिक आहे, आणि त्याचा परिणाम पडद्यावर जाणवतो. अभिनयात कुठेही नक्कल नाही. रिचर्ड ऑस्मन यांच्या 'द थर्सडे मर्डर क्लब'चा २०२५मध्ये मालिकेऐवजी नेटफ्लिक्सने चित्रपट केला. नामवंत नटांची रांग असूनही तो मला वरवरचा वाटला. त्यात जपून ठेवावे असे एकच आहे : स्मृतिभ्रंश झालेला नवरा आणि निवृत्त हेर असलेली त्याची बायको यांच्यातली माया. वृद्धाश्रमासारख्या वसाहतीतले चार म्हातारे खुनाचा शोध घेतात, आणि त्याच वेळी स्वतःच्या घरातला माणूस रोज थोडा थोडा हरवताना पाहतात. मृत्यू इथे हलका झालेला नाही. कादंबरीत तर त्याहून अधिक आहे. ती आधी वाचावी.

आता 'मॅग्पाय मर्डर्स'विषयी, कारण या प्रकाराबद्दलचा सगळा वाद तिच्या पोटातच आहे. अँथनी होरोविट्झ यांनी आपल्या २०१६च्या कादंबरीवरून स्वतःच तिची पटकथा लिहिली आणि २०२२मध्ये ती आली. सुझन रायलँड ही प्रकाशनसंस्थेतली संपादक. ॲलन कॉनवे या लोकप्रिय रहस्यलेखकाचे नवे हस्तलिखित तिच्या हाती येते, पण शेवटचे प्रकरणच त्यात नसते. आणि लेखक स्वतःच्या घराच्या मनोऱ्यावरून पडून मेलेला असतो. ते प्रकरण शोधता शोधता सुझन लेखकाच्या मृत्यूपर्यंत पोचते. एका बाजूला आजचे जग, दुसऱ्या बाजूला कॉनवेने लिहिलेले १९५०च्या दशकातले गाव. तेच नट दोन्हीकडे वेगवेगळ्या भूमिकांत. कथेतला गुप्तहेर ॲटिकस पुंड नाझी छळछावणीतून वाचलेला आहे. पुढे पुढे तो पुस्तकातून बाहेर पडून सुझनच्या शेजारी येऊन बसतो, तिच्याशी बोलतो. लेस्ली मॅनव्हिल आणि टिम मॅकमलन यांचे हे प्रसंग मला पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटतात. आणि कॉनवे? तो आपल्या पुंडचा तिरस्कार करतो. त्याला थोर साहित्यिक व्हायचे होते. लोकांना जे आवडते ते त्याला हलके वाटते, आणि तो तिरस्कार त्याने आपल्या पुस्तकांमध्ये पेरून ठेवला आहे. रहस्यकथा वाचणाऱ्या सामान्य माणसाच्या आनंदाला तुच्छ मानणारा लेखक किती क्रूर होऊ शकतो, हे होरोविट्झ दाखवतात. नाक मुरडणाऱ्यांना मी म्हणूनच ही मालिका आधी देते.

पुढची 'मूनफ्लॉवर मर्डर्स' (२०२४) कोड्याच्या दृष्टीने जड आहे, धागे फार. पण तिच्या मुळाशी एक रुमानियन कामगार आहे. सफकमधल्या एका हॉटेलात आठ वर्षांपूर्वी झालेल्या खुनासाठी तो तुरुंगात आहे. हॉटेलमालकाच्या मुलीला कॉनवेचे पुस्तक वाचून कळते की तो निर्दोष असावा, आणि ती नाहीशी होते. हॉटेलातल्या इतर माणसांनी त्याचा गुन्हा इतक्या सहज का मान्य केला, हा प्रश्न मालिका ठामपणे विचारते.

इथे त्या जुन्या आक्षेपाची दुसरी, जास्त बोचरी बाजू येते. ही इंग्रजी गावे खरी कुठे आहेत? दगडी चर्च, गवतछपराची घरे, फुलांचे प्रदर्शन, आणि सगळी माणसे गोरी, खाऊनपिऊन सुखी. १९९७पासून चालू असलेल्या 'मिडसमर मर्डर्स'च्या निर्मात्याने २०११मध्ये एका मुलाखतीत उघड सांगितले, की या मालिकेत अल्पसंख्य वंशाची माणसे नाहीत आणि असली तर मालिका चालणार नाही, कारण ती इंग्रजपणाचा शेवटचा बुरूज आहे. त्यावर गदारोळ झाला, त्याला निलंबित केले गेले, पुढे त्याने मालिका सोडली. २०१६मध्ये मनजिंदर विर्क त्याच मालिकेत शवविच्छेदन करणारी डॉक्टर म्हणून आली. हे वळण चांगले असले, तरी त्या मुलाखतीने जे उघडे पडले ते विसरू नये. दुर्लक्षित माणसाला न्याय देणारा हा प्रकार काही माणसांना दुर्लक्ष करण्यापुरतेही गावात घेत नव्हता. 'डेथ इन पॅराडाइज'वरही असाच ठपका आहे. कॅरिबियन बेटावर गुन्हे घडतात आणि ते उलगडायला ब्रिटनहून गोरा अधिकारी येतो, हे २०११पासून चालले होते. डॉन गिले हा पहिला कृष्णवर्णीय प्रमुख २०२४च्या नाताळात आला. मालिका हलकीफुलकी आहे, ग्वाडलूपचा समुद्र सुंदर आहे, पण त्या रचनेचा वास जायला तेरा वर्षे लागली.

चित्रासारखी गावे टिकून राहण्यामागे पैशाचे गणितही आहे. या मालिका ब्रिटनबाहेर, विशेषतः अमेरिकेत, खूप पाहिल्या जातात. बीबीसी आणि आयटीव्हीने मिळून अमेरिकेत २०१७मध्ये 'ब्रिटबॉक्स' ही स्ट्रीमिंग सेवा सुरू केली, आणि २०२४मध्ये बीबीसीच्या व्यापारी शाखेने आयटीव्हीचा निम्मा हिस्सा २५.५ कोटी पौंडांना विकत घेतला. 'मॅग्पाय मर्डर्स' आणि 'मार्लो' या दोन्हींत अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवरील 'मास्टरपीस'चा पैसा आहे. दूरच्या प्रेक्षकाला विकायचे असेल, तर बंद पडलेली बससेवा किंवा गावातल्या तरुणांना न परवडणारी घरे दाखवण्याचा मोह होत नाही. मला हा या प्रकाराचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

तरीही काही लेखक आतूनच ही चौकट मोठी करताहेत. 'ग्रँटचेस्टर' १९५०च्या दशकातल्या केम्ब्रिजजवळच्या गावात सुरू होते आणि गुन्हे शोधणारे धर्मगुरू बदलत जातात. २०२४पासून तिथे ॲल्फी कोट्टरम हा भारतीय वंशाचा धर्मगुरू आहे. रिशी नायर ती भूमिका करतो. प्रवचन देणाऱ्याचाच रंग वेगळा असेल तर चर्चमधल्या बाकांवर काय होते, हे मालिका दाखवते. त्याआधी याच मालिकेत लेनर्ड हा सौम्य सहायक पाद्री समलिंगी असल्याबद्दल तुरुंगात गेला होता. मार्क गॅटिस यांची 'बुकिश' (२०२५) तर हाच प्रश्न नायकाच्या घरात आणते. १९४६चे लंडन, बॉम्बने पडलेली घरे, पावावरही रेशनिंग. जुन्या पुस्तकांचे दुकान चालवणारा गेब्रिएल बुक पोलिसांना मदत करतो. तो समलिंगी आहे आणि तेव्हाच्या कायद्याने गुन्हेगार. इंग्लंडमध्ये तो कायदा १९६७मध्ये सैलावला. बायको ट्रॉटी त्याची जिवलग मैत्रीण आहे आणि त्यांचे लग्न हा दोघांनी मिळून उभारलेला आडोसा आहे. दुसऱ्यांची गुपिते उलगडणाऱ्या या माणसाचे स्वतःचे गुपित उघडे पडले तर ज्या पोलिसांना तो मदत करतो तेच त्याला पकडतील. त्यामुळे प्रत्येक उलगड्याच्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर समाधानाबरोबर सावधपणाही दिसतो.

हे सगळे कथेतच घडते, प्रत्यक्षात म्हाताऱ्या बायका आणि टॅक्सीवाले खून शोधत नाहीत, असे कुणी म्हणेल. त्याने मँचेस्टरजवळच्या हाइड गावचा डॉक्टर हॅरल्ड शिपमन आठवावा. आपल्याच रुग्णांना, बहुतेक वृद्ध बायकांना, तो इंजेक्शन देऊन मारत होता. जानेवारी २०००मध्ये १५ खुनांसाठी तो दोषी ठरला. पुढच्या चौकशीने २००२मध्ये आकडा २१५ सांगितला. संशय आधी आला होता. एका टॅक्सीचालकाच्या लक्षात आले होते, की आपल्या नेहमीच्या वृद्ध प्रवासी बायका धडधाकट असताना जातात आणि सगळ्यांचा डॉक्टर एकच. अंत्यविधी करणाऱ्या कुटुंबाला दिसले होते, की या बायका नेहमी पूर्ण कपड्यांत, खुर्चीत बसलेल्या सापडतात. मार्च १९९८मध्ये शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईने हे अधिकृतपणे कळवलेही. पोलिसांनी वरवर चौकशी करून महिनाभरात ती बंद केली. त्यानंतर आणखी तीन बायका मेल्या. शेवटी एका मृत बाईच्या वकील मुलीला आईचे बनावट मृत्युपत्र खटकले, तेव्हा तो पकडला गेला. मिस पिंकर्टन गाडीत जे सांगत होती, ते हाइडमध्ये अक्षरशः घडले. पाहणारी माणसे होती. त्यांचे ऐकून घेणारे कुणी नव्हते.

म्हणून या यादीत मी एक मालिका अशी घालते, जी कुणी या प्रकारात धरणार नाही. जानेवारी २०२४मध्ये आयटीव्हीने चार भागांत दाखवलेली 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस'. तीत प्रेत सापडत नाही. पण गाव तेच आहे. टपाल कार्यालय आणि किराणा एकाच दुकानात, गल्ल्यामागे सगळ्यांना नावाने ओळखणारी पोस्टमास्तरीण : कोझी मालिकांत हे पात्र हमखास असते, बातमी पोचवण्यापुरते. खऱ्या आयुष्यात याच माणसांच्या हिशेबात होरायझन नावाच्या सदोष संगणकप्रणालीने खोट्या तुटी दाखवल्या. १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक जणांना शिक्षा झाल्या. काहींनी जीव दिला. हॅम्पशरमधल्या जो हॅमिल्टन मदतवाहिनीवर बोलत असताना त्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरची तूट दुप्पट झाली. सीमा मिश्रा गरोदर असताना तुरुंगात गेल्या. ज्याने ज्याने फोन केला त्याला सांगितले गेले, की ही अडचण तुम्हा एकट्यालाच येते आहे.

पोस्टमास्तर ॲलन बेट्स यांनी ते मानले नाही. टोबी जोन्सने त्यांची भूमिका आवाज न चढवता केली आहे : वह्या, तारखा, पत्रे, आणि वर्षानुवर्षांची चिकाटी. २००९मध्ये त्यांनी अशा सगळ्यांना वॉरिकशरमधल्या फेनी कॉम्प्टन या लहान गावच्या सभागृहात बोलावले. कोझी मालिकांच्या शेवटी अशाच सभागृहात सगळे संशयित जमतात आणि गुप्तहेर एकाकडे बोट दाखवतो. फेनी कॉम्प्टनला जमले ते सगळे आरोपीच होते आणि एकेक जण आपली हकिगत सांगू लागला, तसे उलगडत गेले की कुणीच एकटे नव्हते. मालिका दाखवल्यावर देशात एवढा संताप उसळला, की मे २०२४मध्ये संसदेने कायदा करून इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. 'लुडविग' आणि 'मॅग्पाय मर्डर्स' पाहून झाल्यावर, चारही भाग सलग, घरातल्या मोठ्या माणसांबरोबर बसून ही मालिका पाहावी.